गॅस संपत नाही, गळतो
(जुन्या ट्रकच्या एसीची दुरुस्ती)

पुण्याहून बंगळूरला जाणारा मोठा रस्ता सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून जातो. खंबाटकीचा घाट ओलांडला की सातारा येते. पुढे कराड, मग पेठनाका. या रस्त्यावर रात्रंदिवस मालट्रक धावतात. कोणी साखर नेतो, कोणी द्राक्षे, कोणी हळद, कोणी बेदाणा. आपल्या गावातलेही कितीतरी जण या गाड्यांवर ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत.

चैत्र-वैशाखात ऊन तापते. पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. ट्रकची केबिन पत्र्याची. त्यात इंजिन पायापाशीच. मग आत भट्टी पेटल्यासारखे होते. घाम तर येतोच. शिवाय डोके जड होते, डोळे मिटू लागतात, लक्ष उडते. लक्ष उडाले की घाटात काय होते, ते सांगायला नको.

म्हणून केबिनमधला एसी ही चैन नव्हे. सरकारनेही ही गोष्ट मानली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तसा नियम निघाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असा तो नियम आहे. पण रस्त्यावर जुने ट्रक पुष्कळ आहेत. त्यांना हा नियम लागू नाही. काहींना कंपनीतूनच एसी आला. काहींना मालकाने मागून बसवून घेतला. गाडी जुनी झाली की तोही बिघडतो. तो कसा चालतो, का बिघडतो आणि दुरुस्ती नीट झाली की नाही हे कसे ओळखावे, ते या धड्यात पाहू.

गारवा येतो कोठून?

एसी गारवा तयार करतो असे आपण म्हणतो. खरे तर तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे समजायला दोन गोष्टी आठवा.

पहिली गोष्ट. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिट लावतात. ते उडून जाते आणि तेवढी जागा गार लागते. मातीच्या माठाचेही तसेच. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडते आणि आतले पाणी थंड होते. म्हणजे पातळ पदार्थाची वाफ होते तेव्हा तो जवळची उष्णता ओढून घेतो.

दुसरी गोष्ट. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो. म्हणजे हवा किंवा गॅस जोराने दाबला की तो तापतो.

एसी या दोन गोष्टींवरच चालतो. नळ्यांमध्ये एक खास गॅस भरलेला असतो. केबिनमध्ये त्याची वाफ होते, तेव्हा तो आतली उष्णता घेतो. बाहेर आल्यावर त्याला दाबतात. तो तापतो. मग वाऱ्याने निवतो आणि पुन्हा पातळ होतो. पातळ झाला की परत केबिनमध्ये जातो.

विहिरीवरचा रहाट आठवा. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पाणी ओतून पुन्हा खाली जातात. पाणी वर येते, पण गाडगी संपत नाहीत. एसीतला गॅस हा त्या गाडग्यांसारखा आहे. तो उष्णता वाहून नेतो. स्वतः खर्च होत नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

एसीचे पाच भाग

१. कॉम्प्रेसर. हा इंजिनवर बसवलेला असतो. पट्ट्याने फिरतो. गॅस दाबायचे काम याचे. याच्या तोंडाशी विजेवर चालणारा क्लच असतो. एसी चालू केला की क्लच ‘टक्’ करून चिकटतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो.

२. कंडेन्सर. ही रेडिएटरसारखी जाळी. बहुधा रेडिएटरच्या पुढे असते. काही गाड्यांना टपावर असते. येथे तापलेला गॅस निवतो आणि पातळ होतो.

३. ड्रायर. ही बाटलीसारखी नळकांडी. गॅसमधला कचरा गाळते आणि ओल शोषून घेते.

४. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. यात बारीक भोक असते. त्यातून पातळ गॅस थोडा थोडा पुढे सुटतो.

५. कूलिंग कॉइल. ही केबिनमध्ये, समोरच्या डॅशबोर्डच्या आत असते. येथे गॅसची वाफ होते आणि जाळी गार पडते. मागे ब्लोअर, म्हणजे पंखा असतो. तो गार हवा आपल्या अंगावर सोडतो.

आधी फुकटची तपासणी

एसी गार पडेना, की बहुतेक जण थेट म्हणतात, “गॅस भरा.” घाई करू नका. आधी पुढील गोष्टी पाहा. त्यांना पैसे पडत नाहीत.

हवा येते का? ब्लोअर फिरत नसेल तर गॅसचा काही दोष नाही. फ्यूज पाहा. वायर सुटली आहे का ते पाहा. हवा कमी येत असेल तर आतली गाळणी किंवा कूलिंग कॉइल धुळीने भरलेली असेल.

क्लच चिकटतो का? एकाने केबिनमध्ये एसीचे बटण दाबावे. दुसऱ्याने दूर उभे राहून ‘टक्’ आवाज ऐकावा. आवाज नाही, तर वीज पोहोचत नसेल किंवा गॅस फार कमी असेल. आणखी एक. मोटारगाडीची वीज १२ व्होल्टची असते. जड ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. कोणी मोटारीचा १२ व्होल्टचा क्लच ट्रकला बसवला तर तो जळतो. सुटा भाग घेताना हे विचारून घ्या.

पट्टा कसा आहे? ढिला पट्टा घसरतो, चिरकतो. चिरा पडल्या असतील तर बदला. हे पाहताना इंजिन बंदच हवे.

कंडेन्सर साफ आहे का? आपल्याकडे हे कारण फार वेळा सापडते. उसाच्या हंगामात पाचटाचे तुकडे, धूळ, किडे सारे त्या जाळीत जाऊन बसते. मग वारा आरपार जात नाही, गॅस निवत नाही. गाडी पळताना एसी थोडा गार आणि उभी राहिली की गरम, असे झाले तर कंडेन्सर किंवा त्याचा पंखा पाहा. इंजिन थंड होऊ द्या. मग साध्या नळाच्या पाण्याने आतून बाहेरच्या बाजूला धुवा. फार जोराचा फवारा मारू नका. जाळीच्या पातळ पात्या वाकतात.

हीटरचा कॉक बंद आहे का? तो उघडा राहिला तर इंजिनचे गरम पाणी केबिनमध्ये फिरते. मग एसी चांगला असूनही हवा कोमट येते.

गाडीखाली पाणी ठिबकते, म्हणून घाबरू नका. ती कूलिंग कॉइलवर जमलेली हवेतली ओल असते. पाणी केबिनमध्ये पायावर पडू लागले, तर मात्र बाहेर जाणारी नळी तुंबली आहे असे समजा.

गॅस जातो कोठे?

कराडजवळ रस्त्याकडेच्या एका गॅरेजात असे बोलणे चालले आहे असे समजा.

ड्रायव्हर म्हणाला, “मामा, गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला. यंदा परत संपला बघा. टाका भरून चटशिरी. तासगावला माल भरायचा हाय.”

मिस्तरी म्हणाले, “संपला म्हंजे? त्यो काय डिझेल हाय व्हय जळून संपायला?”

“मग गेला कुठं?”

“गळला. टायरमधली हवा कमी झाली, तर तू काय करतोस?”

“पंक्चर बघतो.”

“नुसती हवाच भरत ऱ्हायलास तर?”

“दुसऱ्या दिशी परत बसंल की टायर.”

“मग हितं का रं पंक्चर न काढता हवा भरायला सांगतोस?”

मिस्तरींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. रबरी नळीतून गॅस वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपतो, हे खरे. पण एका उन्हाळ्यात सगळा गॅस गेला, तर कोठेतरी भोक आहे. ते बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

हिशेब करून पाहू. समजा, एकदा गॅस भरायला २,००० रुपये पडले. वर्षातून दोनदा भरला, तर ४,००० रुपये गेले. तीन वर्षांत १२,००० रुपये गेले. आणि समजा, खराब नळी बदलून, गॅस भरून एकदाच ५,००० रुपये पडले. तर ७,००० रुपये वाचले. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब तुम्ही करा.

पैशाहून मोठे नुकसान आणखी एक आहे. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेलही नीट पोहोचत नाही. कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. तसे होऊ नये म्हणून एक स्विच असतो. गॅस फार कमी झाला की तो क्लच बंद करतो. काही जण वायर जोडून हा स्विच ‘डायरेक्ट’ करतात. असे कधीही करू देऊ नका. गारवा दोन दिवस मिळेल आणि कॉम्प्रेसर जाईल. सगळ्यात महाग भाग तोच.

गळती कशी शोधावी?

गॅसबरोबर तेलही बाहेर येते. त्यावर धूळ बसते. म्हणून जेथे तेलकट, काळा डाग दिसेल, तेथे आधी पाहावे.

नळ्यांचे सांधे पाहावेत. सांध्यात रबरी कडी असते. तिला ओ-रिंग म्हणतात. जुनी झाली की ती कडक होते आणि चिरते. मग रबरी नळी पाहावी. कॉम्प्रेसर इंजिनबरोबर हलतो. कंडेन्सर गाडीच्या सांगाड्याला घट्ट असतो. मधली नळी सारखी हलते आणि कोठेतरी घासते. जुन्या ट्रकात हे हमखास होते. कंडेन्सरला समोरून खडे लागतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याशी असलेले सीलही झिजते.

संशय येईल तेथे साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की गळती सापडली. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, तसाच हा प्रकार. गळती फार बारीक असेल तर चांगल्या गॅरेजात गळती हुंगणारे यंत्र असते. काही ठिकाणी चमकणारा रंग आत सोडून खास दिव्याने पाहतात.

नळ्या रिकाम्या असतील तर कोरडा नायट्रोजन भरून दाब पाहतात. तेच योग्य. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू नये. दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

भोक बुजले, आता पुढे?

भोक बुजवले, नळी बदलली. एवढ्यावर लगेच गॅस भरायचा नाही. मध्ये दोन कामे आहेत.

पहिले काम, ड्रायर बदलणे. नळ्या उघडल्या की हवेतली ओल आत शिरते. पावसाळ्यात तर जास्तच. जुना ड्रायर ओल शोषून थकलेला असतो. ओल आत राहिली तर तिचे बर्फ होते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे बारीक भोक तुंबते. शिवाय ओल, गॅस आणि तेल मिळून आम्ल होते. ते आतून धातू खाते.

दुसरे काम, व्हॅक्यूम काढणे. म्हणजे पंप लावून नळ्यांतली सगळी हवा ओढून घेणे. हवेबरोबर ओलही जाते. ती कशी? महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. दाब आणखी कमी केला तर पाणी आणखी लवकर उकळते. पंपाने नळीतला दाब जवळजवळ काढूनच टाकला, तर आतली ओल नुसत्या उन्हाळी हवेतही उकळून वाफ होते आणि निघून जाते. याला निदान अर्धा तास लागतो. मग पंप बंद करून थोडा वेळ थांबावे. गेजचा काटा जागचा हलला नाही तर काम पक्के. काटा परत चढू लागला तर अजून ओल किंवा गळती आहे.

आता गॅस भरावा. तो काट्यावर तोलून भरावा. गुळाची ढेप आपण अंदाजाने घेत नाही, तोलूनच घेतो. गॅसही तसाच. “जरा जास्त टाका, जास्त गार पडेल,” असे सांगू नका. जास्त गॅसने दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

कोणता गॅस?

गाडीच्या पुढच्या भागात किंवा कॉम्प्रेसरजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचे नाव आणि वजन असते. चिठ्ठी इंग्रजीत असते. पण आकडे ओळखणे अवघड नाही. तुमच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून इंग्रजी आकडे शिकून घ्या आणि चिठ्ठी स्वतः वाचा. तिच्यावर बहुधा ‘आर १३४ ए’ असे नाव असेल.

फार जुन्या गाड्यांत ‘आर १२’ नावाचा गॅस असे. आकाशात उंचावर ओझोन वायूचा थर आहे. तो सूर्याचे घातक किरण अडवतो. आर १२ ने तो थर विरळ होतो, असे दिसून आले. म्हणून १९८७ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरात अनेक देशांनी करार केला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २०१० पासून आपल्याकडे असल्या गॅसचा एसीसाठी वापर बंद झाला.

आर १३४ ए ओझोनला धक्का लावत नाही. पण तो हवेत सुटला तर पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. कोळशाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन हजारपटीहून अधिक. म्हणून जुना गॅस नुसता हवेत सोडू नये. यंत्राने काढून सिलिंडरात घ्यावा. गळती बुजवणे हे खिशाचेही काम आहे आणि पावसापाण्याचेही.

दोन गॅस कधी मिसळू नयेत. दोघांचे तेलही वेगळे असते.

जिवाला जपा

पातळ गॅस उघड्यावर आला की उणे २६ अंशांना उकळतो. बर्फाहून कितीतरी थंड. डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच सांधा सोडावा. अंगावर उडाला तर चोळू नये. कोमट पाणी ओतावे आणि डॉक्टरकडे जावे.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गॅरेजच्या खड्ड्यात तो साचतो आणि खाली काम करणारा गुदमरतो. म्हणून खड्ड्यात गॅस सोडू नये.

गॅस ज्योतीत जळला की विषारी धूर होतो. गॅस असलेल्या नळीवर वेल्डिंग करू नये. जवळ विडी ओढू नये.

स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस एसीत भरू देऊ नका. तो पेट घेतो. केबिनमध्ये गळला तर एका ठिणगीने आग लागेल.

चालू इंजिनपाशी वाकताना गळ्यातला टॉवेल काढून ठेवा. तो पट्ट्यात अडकतो. केबिन उचलली असेल तर तिचा अडसर नीट लागला आहे का ते पाहूनच खाली जा. चाकाखाली दगड लावा.

मिस्तरींना काय विचारावे?

एसीचे काम सगळ्यांनाच करता येणार नाही. त्याला पंप लागतो, गेज लागते, हात बसलेला लागतो. पण विचारायला कोणाची ना नाही. “गळती कोठे सापडली? दाखवा बरं.” “ड्रायर बदलला का? जुना द्या.” “व्हॅक्यूम किती वेळ काढला?” “गॅस किती ग्रॅम भरला?” चांगला मिस्तरी या प्रश्नांनी रागावत नाही. तो खूशच होतो. ही उत्तरे बिलावर लिहून घ्या आणि बिल वाचूनच पैसे द्या. बिल गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या मिस्तरीला ते उपयोगी पडेल.

काम झाल्यावर इंजिन चालू करून दहा मिनिटे थांबा. केबिनमध्ये हवा गार हवी. कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी गार, घामेजलेली दिसली पाहिजे. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी मात्र फार तापते. तिला हात लावू नका.

थंडीत आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरते, सील ओले राहते आणि गॅस टिकतो.

लक्षात ठेवा

गॅस खर्च होत नाही. कमी झाला तर गळती आहे.
आधी फ्यूज, पट्टा आणि कंडेन्सर पाहा. मग गॅरेज गाठा.
आधी गळती, मग ड्रायर, मग व्हॅक्यूम, शेवटी गॅस.
गॅस तोलून भरा. बिल वाचून घ्या.

प्रश्न

१. माठातले पाणी थंड का होते? त्याचा एसीशी काय संबंध आहे?
२. गाडी उभी राहिली की एसी गरम हवा देतो. आधी काय पाहाल?
३. गळती न शोधता गॅस भरला तर कोणते दोन तोटे होतात?
४. नळ्यांची तपासणी ऑक्सिजनने का करू नये?
५. तुमच्या गावातल्या एखाद्या ट्रकवरची चिठ्ठी शोधा. गॅसचे नाव आणि वजन वहीत लिहा.